शाळेतले चवदार तळे



महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. परंतु त्यातील एक गोष्ट आपण वारंवार विसरतो. ते तळे 20 मार्च 1927 च्या पूर्वीच कागदोपत्री सर्वांना खुले झाले होते. सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 साली आपले तळे सर्वांस खुले केले. आणि तरीही पुढील तीन वर्षे अस्पृश्यांच्या ओंजळीत त्या तळ्याचे पाणी पडले नाही. ठराव होता, पाणी नव्हते! बाबासाहेब स्वतः तळ्यात उतरले, हजारो माणसे त्यांच्यामागून उतरली, आणि तरीही कोर्टाची पायरी दहा वर्षे झिजवावी लागली. उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो 1937 साली.

ही आठवण आज काढण्याचे कारण असे की, आपल्या मुलांच्या शाळेत असेच एक तळे निर्माण झाले आहे. संगणक आणि इंटरनेट हे त्याचे नाव. ज्ञानाचा हा साठा सर्वांस खुला आहे, असे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केले, ते आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ ह्यांचे अंक शासनाने 1990 साली पुन्हा छापले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब 1913 ते 1916 ह्या काळात शिकले, त्या विद्यापीठाने ‘जातिभेद निर्मूलन’ हा त्यांचा 1936 सालचा प्रबंध टीपांसह जगासमोर ठेवला आहे. न्यूयॉर्कचा विद्यार्थी तो वाचतो. मग महाडच्या वाडीतील आपला मुलगा तो का वाचत नाही?

कारण ठराव झाला आहे, पाणी मिळालेले नाही. शिक्षण मंत्रालयाच्याच 2024-25 च्या अहवालाप्रमाणे देशातील 64.7 टक्के शाळांत संगणक आणि 63.5 टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे दर तीन शाळांमागे एक शाळा अद्याप कोरडीच आहे. आणि जेथे यंत्र आहे तेथे तरी काय घडते? कोठे ते मुख्याध्यापकांच्या खोलीत कापड पांघरून बसते. कोठे भिंतीवरच्या पडद्यावर तेच पाठ्यपुस्तक मोठ्या अक्षरांत दाखवतात, तीच सनावळी, त्याच रिकाम्या जागा भरावयाच्या, आणि ह्यालाच ‘डिजिटल शाळा’ म्हणून फीत कापतात. फळा काळ्याचा पांढरा झाला. इतिहास मात्र जुन्या मालकांचाच राहिला.

आम्ही विचारतो, इतिहासाच्या तासाला संगणक हवा तरी कशासाठी? आमचे उत्तर एकच आहे: पुरावा मुलाच्या हाती देण्यासाठी. महाडचा धडा शिकवताना बोले ह्यांचा ठराव, ‘बहिष्कृत भारता’तील मजकूर आणि न्यायालयाचा निकाल हे तिन्ही कागद मुलांपुढे उघडा. ठराव आणि सत्याग्रह ह्यांच्यामध्ये चार वर्षांचे अंतर का पडले, हा प्रश्न त्यांचा त्यांना सुचेल. जुन्नरच्या लेण्यांतील एक शिलालेख दाखवा. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा त्यात दानाच्या संदर्भात उल्लेख आहे. ज्याचा बाप आज टोपल्या विणतो त्या मुलाला कळू द्या की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तोच धंदा करणाऱ्यांची श्रेणी बुद्धाच्या संघाशी दानाने जोडलेली होती आणि तिचे नाव पाषाणावर कोरले गेले. ज्या समाजाला तुम्हांस इतिहासच नाही असे पिढ्यानुपिढ्या सांगितले गेले, त्याच्या मुलास ह्याहून मोठे धन कोणते?

हा पुरावा हाती असणे आता अधिकच निकडीचे झाले आहे. चामड्याच्या बांधणीतले पुस्तक जाळावे लागे; आजचे पान एका बोटाने नाहीसे होते. 2019 साली केंद्रीय पाठ्यपुस्तक मंडळाने नववीच्या इतिहासातून वस्त्रप्रावरणांचा धडा गाळला. त्रावणकोरच्या नाडर स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी दिलेला लढा त्यात होता. 2022 साली बारावीच्या राज्यशास्त्रातून जनआंदोलनांचे प्रकरण गेले. त्याबरोबर दलित पँथरही गेली. ओझे कमी केले, असे सांगण्यात आले. बंधूंनो, नेमके आपलेच ओझे जड कसे होते?

काही आपले बांधव म्हणतात, हे यंत्रच नको, त्याने मुले बिघडतात, खोटा इतिहास त्यातूनच घरोघर येतो. खोटा इतिहास येतो हे खरे आहे. मोबाईलवर रोज सकाळी नवे पुराण उतरते, आणि आता तर यंत्रच विचारल्याबरोबर बेधडक उत्तर रचून देते. परंतु तळ्यात कोणी घाण टाकली म्हणून आपण पाण्याचा हक्क सोडला नव्हता. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना हाच मार्ग दाखवला होता: परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशावरून लिहिले, हे तीन प्रश्न ज्या मुलाच्या जिभेवर बसले त्याला पोथीही फसवू शकत नाही आणि यंत्रही. आपल्या बाजूने आलेल्या मजकुरालाही हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेले खोटे वाक्य हेही खोटेच होय.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला. इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली म्हटले. तेव्हा हे मागणे भीक नव्हे. प्रत्येक शाळेत चालू यंत्र, मूळ कागदपत्रे मराठीत, आणि ती वाचावयास शिकवणारा शिक्षक, ह्या तीन गोष्टी शाळा व्यवस्थापन समितीत बसून मागा, लेखी मागा, उत्तर लेखी घ्या.

आणि सरकारची वाट पाहत बसू नका. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपण जुना धर्म टाकला. त्या धर्माने लिहिलेला आपला इतिहास मात्र अजून मुलांच्या दप्तरात आहे. विहारात रविवारी वंदना झाल्यावर एक संगणक मांडा, वस्तीतील शिकलेल्या तरुणाला त्याच्याजवळ बसवा, आणि मुलांना एक एक मूळ कागद वाचावयास लावा. गाळलेली पाने जपून ठेवा.

तळ्यापर्यंतचा रस्ता आपल्या वाडवडिलांनी चालून दाखवला आहे. मुलांचा हात धरून तळ्यात उतरणे तेवढे आपल्याकडे आहे.

जय भीम!