पाळण्याची दोरी आणि भिंतीवरचें घड्याळ

गेल्या उन्हाळ्यांत आमची एक जुनी विद्यार्थिनी लातुराहून नांदेडास आली होती, ती सहज भेटावयास म्हणून घरीं आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी होती. बोलतां बोलतां तिनें मोबाइलवर एक तक्ता काढून आमच्यापुढें धरला. पहिल्या रात्रीं मूल रडूं लागलें कीं तीन मिनिटें थांबावें, मग पांच, मग दहा. दुसऱ्या रात्रीं पांच, दहा, बारा. तिसऱ्या रात्रीं याहून अधिक. मधून आंत जाण्यास परवानगी आहे. परंतु उचलावयाचें नाहीं, पाजावयाचें नाहीं, दोन शब्द बोलून बाहेर यावयाचें. एका निद्रा-सल्लागार बाईंनीं फी घेऊन हा तक्ता धाडला होता. “सर, चार रात्री केलं. चौथ्या रात्री ती रडलीच नाही,” असें ती म्हणाली, आणि थोडें थांबून, “पण सासूबाई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत.” सासूबाई अहमदपूर तालुक्यांतील एका खेड्यांतल्या. पहिल्या रात्रीं त्यांनीं दाराशीं येऊन एकच प्रश्न विचारला होता : “लेकरू रडायलंय, अन् तुमी घड्याळ बघायलाव?”

हा प्रश्न अडाणी म्हणून टाकून देण्याजोगा नाहीं, असें आमचें मत आहे. आणि सुशिक्षितांत तो तसा टाकला जातो म्हणूनच हें लिहिणें भाग पडत आहे.

लातूर शहराचा वेळापत्रकावर विश्वास आहे, हें सर्वश्रुत आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें जी अभ्यासाची पद्धति महाराष्ट्रभर गाजली तिनें पुष्कळ शेतकऱ्यांचीं मुलें डॉक्टर आणि इंजिनिअर केलीं. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जें सतराव्या वर्षीं शोभतें तें सातव्या महिन्यांत शोभतेंच असें नाहीं. पाळण्यांतील जीवास सराव-परीक्षेला बसविण्याचें कारण काय?

या विषयांत प्राध्यापकाचा अधिकार काय, असें कोणी पुसेल. अधिकार एवढाच कीं हा अपराध आमच्या हातून घडलेला आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वीं आमचा मुलगा आठ महिन्यांचा असतांना एक इंग्रजी पुस्तक आमच्या हातीं आलें. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलें खोटें असूं शकतें ही शंका त्या वयांत आम्हांस फारशी शिवत नसे. आम्ही मुलाच्या खोलीचें दार लोटून बाहेर उभे राहिलों, आणि पत्नीस आंत जाऊं दिलें नाहीं. मूल चाळीस मिनिटें रडलें. तितका वेळ ती भिंतीस टेकून उभी होती, आणि तिच्या पोलक्यावर दुधाचे डाग पसरत होते. कारण मुलाचें रडें कानीं पडलें कीं आईला पान्हा फुटतो, तो पुस्तकाची परवानगी विचारीत नाहीं. शेवटीं मूल निजलें. आम्ही विजयी मुद्रेनें पुस्तक मिटलें. पत्नी त्या रात्रीं निजली नाहीं, आणि त्या प्रसंगाविषयीं आमच्याशीं आजतागायत बोललेली नाहीं.

‘रडूं द्यावें, उचलूं नये’ हें मत शास्त्राच्या वेषांत हिंडतें, म्हणून त्याची कुळकथा थोडी पाहिली पाहिजे. न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांनीं १८९४ सालीं बालसंगोपनावर एक लहानसें प्रश्नोत्तररूप पुस्तक प्रसिद्ध केलें. रडण्यानें फुप्फुसांस व्यायाम होतो, झुलवून निजविण्याची संवय लावूं नये, हें त्यांतील सांगणें. न्यूझीलंडमध्यें ट्रूबी किंग यांनीं १९०७ सालीं संस्था काढून चार चार तासांनीं, घड्याळाच्या ठोक्यावर दूध पाजण्याचा आणि रात्रीं मुळींच न पाजण्याचा पंथ चालविला. १९२८ सालीं अमेरिकेंत जॉन वॉटसन यांनीं तर मुलांस मांडीवर घेऊं नये, त्यांचे मुके घेऊं नयेत, सकाळीं भेटल्यावर हस्तांदोलन करावें, येथवर मजल नेली. हे वॉटसनसाहेब तोंपर्यंत विद्यापीठांतून बाहेर पडून जाहिरातीच्या धंद्यांत शिरलेले होते, ही गोष्ट त्यांच्या वाचकांनीं विसरूं नये. निजलेल्या मेंदूंत काय चालतें याची तेव्हां कोणास विशेष कल्पना नव्हती. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोंप म्हणून जी आज ओळखली जाते ती शिकागो येथें उजेडांत आली १९५३ सालीं. म्हणजे नियम आधीं झाले आणि झोंप मागाहून सांपडली! ज्या काळीं कारखान्याचा भोंगा हा सद्‌गुणांचा राजा होता त्या काळचे हे नियम होत, आणि त्यांना वास शास्त्राचा नसून भोंग्याचा आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या मोबाइलवरील तक्ता हा बोस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनीं १९८५ सालीं पुस्तकरूपानें रूढ केलेल्या पद्धतीचा वंशज. गंमत अशी कीं, आईबापांनीं मुलास जवळ घेऊन निजण्यास फर्बर यांचा जो विरोध होता तो त्यांनीं २००६ च्या आवृत्तींत स्वतःच सौम्य केला. गुरु नरमला, शिष्यांस तें कळविण्याचें राहून गेलें असावें.

आतां निश्चित झालें आहे तें पाहूं. नुकतें जन्मलेलें मूल दिवसाचे चौदा ते सतरा तास निजतें, पण तुकड्यातुकड्यांनीं. त्याच्या झोंपेचा सुमारें अर्धा भाग चळवळीचा असतो : ओठ हलतात, पापण्या फडफडतात, मूल हुंकारतें. मोठ्या माणसाच्या झोंपेचें एक आवर्तन सुमारें दीड तासाचें, तान्ह्याचें तासाभराच्या आंतबाहेर. रात्र आणि दिवस यांचा भेद ओळखणारें शरीरांतलें घड्याळ दोन-तीन महिन्यांनीं लागूं लागतें. तोंवर आईचें रात्रीचें दूध तें काम थोडेंबहुत करतें, कारण झोंपेस अनुकूल असा एक स्राव त्यांत दिवसाच्या दुधाहून अधिक असतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, जें मूल ‘रात्रभर निजतें’ म्हणून आई शेजारणीस अभिमानानें सांगते तेंहि रात्रीं जागें होतच असतें. कॅमेरे लावून पाहिलें तेव्हां हें दिसून आलें. भेद इतकाच कीं एक मूल जागें झाल्यावर हांक मारतें, दुसरें मारीत नाहीं. तेव्हां तक्त्यानें जी विद्या शिकविली जाते ती झोंपेची नव्हे; हांक न मारण्याची आहे.

जवळ घेतल्यानें मूल लाडावतें आणि अधिकच रडतें, ही समजूत दृढ आहे. १९८६ सालीं माँट्रियल येथें हुन्झिकर व बार या दोघांनीं कांहीं आयांस मुलें रडत नसतांनाहि रोज अधिक वेळ अंगावर वागविण्यास सांगितलें. सहा आठवड्यांच्या वयास त्या मुलांचें रडणें इतरांहून ४३ टक्क्यांनीं कमी भरलें. त्यापूर्वीं १९७२ सालीं बेल व एन्सवर्थ या दोन विदुषींनीं, पहिल्या कांहीं महिन्यांत ज्यांच्या हांकेस तत्काळ ओ मिळाली तीं मुलें वर्षाअखेर कमी रडतात, असें दाखविलें. २६ मुलांवरचा अभ्यास तो. त्यावर आक्षेपहि आले. उलट बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर आमच्यांत आणि जाहिरातवाल्यांत फरक तो काय राहिला? २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांत सहा महिन्यांवरील मुलांवर हाच मिनिटांचा प्रयोग झाला, त्यांत मुलें लौकर निजूं लागलीं आणि वर्षभरानंतर कांहीं अपाय दिसला नाहीं. तेव्हां चार रात्री रडलेलें मूल जन्माचें बिघडलें, अशी भीति आम्ही कोणत्याहि आईस घालणार नाहीं. थकून थकून कोणी तो मार्ग धरला असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस तर मुळींच नाहीं. परंतु २०१२ सालीं न्यूझीलंडमध्यें २५ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाकडेहि पाहावें. तेथें तिसऱ्या रात्रीं मुलें रडावयाचीं थांबलीं होतीं, आयांच्या शरीरांतील ताणाचा स्राव उतरला होता, मुलांचा मात्र होता तसाच चढलेला होता. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. पण गप्प झालेलें मूल स्वस्थ झालें असें धरून चालणाऱ्यांनीं निदान चालण्याचा वेग कमी करावा.

मूल गप्प करण्याचा सर्वांत यशस्वी उपाय महाराष्ट्रानें शंभर वर्षांपूर्वींच करून पाहिला आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जातांना तान्ह्या मुलास अफूची गोळी देत. नांव मोठें गोड होतें : बाळगोळी. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनीं गिरणकामकरी बायकांच्या स्थितीची सरकारी चौकशी केली, तींत अशा बायकांच्या बहुतेक सर्व तान्ह्यांस अफू दिली जाते असें आढळून आलें. मूल निपचित पडे, दूध मागेनासें होई आणि वाळत जाई. त्या बाया निर्दय होत्या काय? दहा दहा तास यंत्रापुढें उभें राहावयाचें, खोलीवर मूल पाहणारें कोणी नाहीं, आणि खाडा झाला कीं मजुरी बुडाली, अशा स्थितींत आई दुसरें काय करणार होती? त्या काळच्या शहाण्या माणसांनीं हें ओळखलें. १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळापुढें बाळंतपणाच्या रजेचें बिल आलें, त्यास डॉ. आंबेडकरांनीं पाठिंबा दिला, आणि १९२९ सालीं कायदा झाला. मोबाइलवरचा तक्ता आणि अफूची गोळी एकाच मापाच्या, असें म्हणण्याचा अतिरेक आम्ही करीत नाहीं. परंतु सौदा त्याच जातीचा आहे. आईस सकाळीं कामावर वेळेवर जावयाचें असतें, आणि त्याचा खर्च मुलाच्या खातीं मांडला जातो.

इतकें वाचून परंपरेचे अभिमानी खूष झाले असतील. ‘आमच्याकडे हें सर्व होतेंच!’ होतें, यांत शंका नाहीं. पाळणा या एकाच शब्दानें मराठी माणूस वस्तूहि सांगतो आणि गाणेंहि सांगतो. लुगड्याची झोळी, आजीची मांडी, आईच्या कुशीची ऊब ही आमची खरी दौलत आहे. पण त्याच घरांत मूल निजावें म्हणून सहाणेवर जायफळ उगाळून चाटवितात, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये असें सांगणारा डॉक्टर परका ठरतो. त्याच घरांत जाड वाकळीखालीं तोंड झांकून मूल निजवितात. बिडी ओढणारा, क्वचित् दारू प्यालेला बाप त्याच अंथरुणावर असतो. मूल उताणें निजवावें, त्याभोंवतीं उशा आणि मऊ पांघरुणें नसावींत, ही गोष्ट इंग्लंडनें १९९१ पासून घरोघरीं सांगितली आणि निजेंत दगावणाऱ्या मुलांची संख्या झपाट्यानें उतरली. जवळ घेऊन निजणें चांगलें. परंतु तें डोळसपणें.

आणि मुख्य प्रश्न तर आम्हीं विचारलेलाच नाहीं. या अभिमान्यांच्या घरीं रात्रीं उठतें कोण? पाळण्याच्या दोरीचें तें सुभाषित आमच्या कॉलेजांतील प्रत्येक महिलादिनास ऐकूं येतें. तें म्हणणारे बहुधा पुरुष असतात, आणि तीच दोरी रात्रीं तीन वाजतां आपल्याहि हातीं येऊं शकते ही कल्पना त्यांस शिवलेली नसते. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आमची रीत शहाणी होती, ती आईच्या प्रेमासाठीं तर होतीच, पण तेथें एका मुलास पांच बाया होत्या म्हणून. आज नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या वसाहतींत दोन खोल्यांत आईबाप आणि मूल असतात. पांच बायांचें काम एक बाई करते, आणि तिनें सदैव हंसतमुख, सदैव सावध असावें अशी अपेक्षा वर आहेच. प्रेमळ संगोपनाचीं नवीं पुस्तकें जर हाच भार तिच्यावर अधिक गोड शब्दांनीं लादणार असतील, तर त्यांत आणि वॉटसनसाहेबांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं. तक्त्याकडे आई वळते ती हट्टानें नव्हे. तिला झोंप हवी असते म्हणून.

पगारदार स्त्रीस १९६१ च्या कायद्याची २०१७ सालीं दुरुस्ती होऊन सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. पण दिवाळीनंतर मुखेड-कंधारकडून ऊसतोडीस जाणाऱ्या टोळ्यांकडे पाहावें. तेथें नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल घेतलेली असते, मोजणी टनावर असते. फडाच्या कडेला झोळी बांधून मूल निजवितात, आणि पहांटे अंधारांतच आई वाड्याच्या मोळ्या बांधूं लागते. तिचें मूल रडलें तर तिनें किती मिनिटें थांबावें, याचा तक्ता कोणी काढलेला नाहीं. मुकादमास तो तोंडपाठ आहे.

असो. विद्यार्थिनीस आम्हीं उपदेश केला नाहीं. एवढेंच विचारलें, “नवरा कोठें निजतो?”

“दुसऱ्या खोलीत, सर. सकाळी त्यांना ड्यूटी असते ना.”

“आणि तुला?”

“माझा पहिला तास सव्वासातला असतो.” असें म्हणून ती स्वतःशींच हंसली, पण तें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं.

दिवाळींत ती पुन्हां आली, या वेळीं नवऱ्यासह. गृहस्थ सोफ्यावर बसल्या बसल्याच पेंगूं लागले, तेव्हां व्यवस्था बदलल्याचें आमच्या ध्यानांत आलें. रात्रीं एकपर्यंत उठण्याची पाळी त्यांची, एकनंतर तिची. पहांटे पांचला सासूबाई मुलीस घेऊन बाहेरच्या खोलींत जातात, म्हणजे पहिल्या तासापूर्वीं घटकाभर तरी तिचा डोळा लागतो. सासूबाई आतां बोलतात; मध्यरात्रीं बोलतात त्या मात्र मुलाशींच, तो हांक ऐकून उठला नाहीं म्हणजे. तक्ता मोबाइलवरून पुसला कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. मुलगी वर्षाची झाली. रात्रीं अजून दोनदां उठते.