दुखत नाही, पण चावता येते का?

घरातल्या दादीजानला किंवा अब्बांना ‘दात कसे आहेत?’ असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘ठीक आहेत.’ पण जरा त्यांच्या ताटाकडे पाहा. भाकरी सालनात कुस्करलेली, गोश्ताचा तुकडा बाजूला सारलेला, काकडी-गाजराला हातही नाही. दुखत नाही म्हणजे ठीक, असे आपण समजतो.

वृद्धांच्या तोंडाचे आरोग्य जोखण्यासाठी १९९० साली अमेरिकेत १२ प्रश्नांची एक यादी तयार झाली. तिच्यात किती दात उरले, असा प्रश्नच नाही. मांस किंवा सफरचंद चावताना त्रास होतो का, दातांमुळे काही खाणे सोडले का, चारचौघांत खाताना अवघडल्यासारखे वाटते का, असे प्रश्न आहेत. दावतीत माणूस ‘भूक नाही’ म्हणतो, तेव्हा कारण कधी कधी हेच असते.

दाढा गेल्या की माणूस मऊ खाण्याकडे वळतो. चहा-खारी, पातळ खिचडी. त्यातून प्रथिने आणि तंतुमय पदार्थ कमी पडतात, अशक्तपणा येतो आणि आपण त्याला ‘वय झाले’ म्हणतो.

कवळीने बराच फरक पडतो. मात्र तिची चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पाव भागाइतकी किंवा त्याहून कमीच असते. सुरुवातीचे काही आठवडे लहान घास घ्यावेत, दोन्ही बाजूंनी चावावे. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. काळानुसार जबड्याचे हाड झिजते आणि कवळी सैल होते. ती कपाटात ठेवून न देता डॉक्टरांकडून नीट बसवून घ्यावी. नागपुरात मेडिकलच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात ही सोय आहे.

आता तरुणांविषयी. आपल्या विदर्भात खर्रा गल्लोगल्ली मिळतो. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होते, तिखट झोंबते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. बत्तीस दात शाबूत, पण घास आत जात नाही! ही कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकते. आलेला ताठरपणा पूर्णपणे जात नाही. खर्रा सोडला तर पुढचे नुकसान टळू शकते.

आज घरातल्या प्रत्येकाला तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तर उद्याच दवाखाना गाठा. आणि मोठ्यांना ‘दात कसे आहेत?’ ऐवजी विचारा, ‘काय खायचे सोडले?’