आधी वाचन, मग निर्मूलन

आंबिवली स्थानकातून बाहेर पडून मोहनेकडे जाताना झेरॉक्स, टंकलेखन आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी जी लहान दुकाने लागतात, त्यांच्या एकेका संगणकात परिसरातील कित्येक कुटुंबांचे दप्तर साठलेले असते. याच मोहने येथील एन. आर. सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा एखाद्या कामगाराचे दाखले, अर्ज आणि पोचपावत्या ज्या डिस्कवर असतील, ती डिस्क केवळ ‘व्हायरस आला आहे’ एवढ्या सबबीवर पुसून टाकणे, याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य आमच्या व्यवसायबंधूंच्या तोंडी इतके बसले आहे, की त्याचा परखड विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्क्रिप्टच्या भाषेत लिहिलेल्या विषाणूंच्या बाबतीत तर ही घाई सर्वथा अक्षम्य होय. इतर बहुतेक विषाणू यंत्रसंकेतांत बांधलेले असल्याने त्यांचे अंतरंग जाणण्यास विशेष विद्या लागते. परंतु व्हीबीस्क्रिप्ट अथवा जेस्क्रिप्टमध्ये लिहिलेला विषाणू हा निव्वळ मजकूर असतो, विंडोज ९८ पासून विंडोजबरोबर येणारा स्क्रिप्ट होस्ट तो वाचून अमलात आणतो, आणि जे यंत्राला वाचता येते ते नोटपॅडमध्ये उघडून कारागिरालाही वाचता येते. आपली नक्कल कोठे ठेवली, रजिस्ट्रीत कोणती नोंद केली, कोणत्या फायली लपविल्या आणि कोणत्या नष्ट केल्या, याची सविस्तर जबानी त्याने स्वतःच लिहून ठेवलेली असते.

या जबानीचे मोल किती, हे ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघून जगभर पसरलेल्या ‘लव्ह लेटर’ या विषाणूने दाखवून दिले. तो ज्या संगणकात शिरला, तेथील जेपीजी छायाचित्रांवर त्याने आपलाच मजकूर लिहून ती नष्ट केली. एमपीथ्री गाणी मात्र नुसती लपविली आणि त्यांच्या नावाने आपल्या नकला मांडल्या. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखीच नाहीशी झालेली दिसत. ज्याने स्क्रिप्ट वाचली त्याला कळले, की छायाचित्रांसाठी जुनी प्रत शोधावी लागेल, पण गाणी जागच्या जागी सुरक्षित आहेत. ज्याने न वाचता डिस्क पुसली, त्याने विषाणूने राखलेलेही स्वहस्ते घालविले.

आपल्या भागात या विषाणूंचे मुख्य वाहन ई-मेल नसून पेनड्राइव्ह आहे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या शीर्षपट्टीवर ‘हॅक्ड बाय गॉडझिला’ अशी अक्षरे उमटविणारा विषाणू २००७ च्या सुमारास ऑटोरनच्या आधारे फिरत असे. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील पेनड्राइव्हचे ऑटोरन बंद केले, तेव्हा पेनड्राइव्हमधील मूळ फायली लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवण्याच्या युक्तीने जोर धरला. शॉर्टकट दाबताच आधी स्क्रिप्ट चालते, मागोमाग खरी फाइल उघडते, आणि काम अडले नाही म्हणून गिऱ्हाईक निश्चिंत राहते. २०१३ मध्ये ओळखला गेलेला ‘हुडिनी’ याच जातीचा. तो दूरच्या सर्व्हरकडून हुकूमही घेतो, आणि आपली नोंद व नक्कल काही क्षणांच्या अंतराने पुन्हापुन्हा लिहीत राहतो.

‘कितीही डिलीट केला तरी परत येतो’ या तक्रारीचे मूळ तेथेच आहे. चालू असलेल्या स्क्रिप्टची फाइल पुसणे व्यर्थ होय. प्रथम नेटची जोडणी काढावी आणि टास्क मॅनेजरमधून डब्ल्यूस्क्रिप्टची, म्हणजे स्क्रिप्ट होस्टची, प्रक्रिया थांबवावी. मग स्टार्टअप फोल्डर, टास्क शेड्यूलर आणि रजिस्ट्रीतील दोन्ही रन कळा, म्हणजे चालू वापरकर्त्याची आणि संपूर्ण यंत्राची, तपासून स्क्रिप्टचा ठावठिकाणा काढावा. पुसण्यापूर्वी तिची एक प्रत डॉट टीएक्सटी असे नाव देऊन जपावी, कारण संगणकात विषाणू सोडणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते आणि पुढे कोणी फिर्याद केली तर तोच मुद्देमाल ठरतो. त्यानंतर मजकुरात सापडलेली प्रत्येक करणी उलटवावी. पेनड्राइव्हवर अॅट्रिब आज्ञेने लपविलेल्या फायली प्रकट कराव्यात, त्या उघडून पाहाव्यात, आणि मगच शॉर्टकट काढावेत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर डब्ल्यूस्क्रिप्ट आपोआप उठत नाही, हे पाहिल्यावाचून यंत्र गिऱ्हाइकाच्या हवाली करू नये. हुडिनीसारखा दूरचे हुकूम घेणारा विषाणू सापडला असेल, तर बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून बदलावयास सांगणे हेही आपलेच कर्तव्य आहे.

काही स्क्रिप्टांचा मजकूर मुद्दाम आकड्यांत गुंडाळलेला असतो, काही डब्ल्यूएमआयच्या भांडारात दडतात. तेथे आपला अधिकार संपतो असे वाटल्यास नमुना अँटिव्हायरस कंपनीकडे पाठवावा. त्यात कमीपणा नाही. महाराष्ट्रात या विद्येचा उगम दुरुस्तीच्या टेबलावरच झाला आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर यांनी पुण्यात संगणक दुरुस्तीचे दुकान चालविले, दुरुस्तीस आलेल्या यंत्रांतील विषाणूंचा अभ्यास करून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी निर्मूलनाची साधने लिहिली, आणि पुढे त्यांतूनच ‘क्विक हील’ उभे राहिले.

व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. परंतु आपल्याकडे येणारी यंत्रे जुनी असतात, आणि त्यांच्यावर ती दीर्घकाळ नांदेल. तोवर डॉट व्हीबीएस फायली नोटपॅडमध्येच उघडतील अशी तजवीज आणि फायलींची संपूर्ण नावे दिसण्याची सोय प्रत्येक यंत्रावर करून द्यावी. मात्र गिऱ्हाइकाचे एखादे हिशेबाचे काम स्क्रिप्टवर चालत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. दुकानात लिनक्स घातलेला एक जुना संगणक केवळ पेनड्राइव्ह तपासण्यासाठी वेगळा ठेवावा, कारण विंडोजसाठी लिहिलेल्या या स्क्रिप्ट तेथे आपोआप चालत नाहीत आणि लपविलेल्या फायलीही उघड्या दिसतात. गिऱ्हाईक यंत्र नेण्यास येईल, तेव्हा घरातले सगळे पेनड्राइव्ह बरोबर आणावयास त्याला सांगावे, आणि काय सापडले व काय काढले हे पावतीवर मराठीत लिहून द्यावे.