प्युरिटन वाचा, पण अर्धे वाचू नका

आमच्या मंडळीतल्या तरुणांना सध्या प्युरिटनांचं वेड लागलंय. मोबाईलवर बॅक्स्टर, ओवेन, बन्यन यांच्या पीडीएफ फिरतात, ग्रुपवर रात्री अकरापर्यंत पूर्वनियोजनावर वाद चालतात. मला याचा आनंदच आहे. रविवारी संदेश द्यायची वेळ माझ्यावरही येते, आणि आपली तयारी किती तोकडी आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

मंडळीबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधलं चर्च आणखी शुद्ध व्हावं म्हणून झगडणारे ते प्युरिटन. त्यातले काही अमेरिकेत गेले. त्यांच्याच परंपरेतल्या मंडळ्यांनी १८१० साली अमेरिकन बोर्ड काढलं, त्याचे मिशनरी १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला नगरला पोचले. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला हे लोक काही अगदीच परके नाहीत.

पण यांच्याकडून घ्यायचं काय? मला विचाराल तर रिचर्ड बॅक्स्टरचे सोमवार-मंगळवार. किडरमिन्स्टर हे विणकरांचं गाव, साधारण आठशे कुटुंबं. बॅक्स्टर आणि त्याचा सहायक आठवड्यातले दोन दिवस फक्त कुटुंबांना द्यायचे. गावातली घरं त्याच्याकडे यायची, सहायक आसपासच्या वस्त्यांवर जायचा. एकेका घराला जवळपास तासभर. प्रश्नोत्तरावली पाठ आहे का एवढंच बघायचं नव्हतं, तर त्यातलं समजलंय काय आणि घरात चाललंय काय, हेही. आठवड्याला चौदा कुटुंबं. वर्षात जवळजवळ सगळं गाव व्हायचं. १६५६ साली त्याने यावर पाळकांसाठी पुस्तकच लिहिलं.

आपल्याकडे आठशे नाहीत, मोजकी घरं आहेत. तरी मागच्या बाकावरच्या मावशीच्या घरी शेवटचं कोण गेलं होतं? कपाशी गेली, कर्ज थकलं, पोरगा पुण्याला कंपनीत लागला आणि मंडळीत यायचा बंद झाला, हे आपल्याला अंत्यविधीला गेल्यावर कळतं. पूर्वनियोजन समजलं आणि हे कळलं नाही, तर वाचून उपयोग काय भाऊ?

आता दुसरी बाजू. याच लोकांनी मॅसेच्युसेट्समध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिलं. १६५९ लाच नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, तो १६८१ पर्यंत होता. आणि १६९२ ला सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फासावर चढवलं. पुरावा काय, तर 'हिचा आत्मा मला छळताना दिसला'!

हसू नका. आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या बातम्या वाचल्यात ना? २०१३ ला राज्यात कायदा झाला, तरी प्रार्थनेला आजारी माणूस आणला की 'कुणी केलं असेल?' हा प्रश्न विश्वासणाऱ्यांच्या तोंडूनही येतो. तिथे प्रार्थना करणाऱ्याला सेलम माहीत पाहिजे. आणि तिथला एक न्यायाधीश सॅम्युएल सेवॉलसुद्धा. १६९७ साली त्याने आपली चूक कबूल करणारी चिठ्ठी भर उपासनेत वाचायला दिली आणि वाचून होईपर्यंत सगळ्यांसमोर उभा राहिला. प्युरिटनांचं धर्मशास्त्र वाचणाऱ्यांनी हे पानही वाचावं. पश्चात्तापावरच्या दहा संदेशांपेक्षा मला ते जड वाटतं.

गाण्याचं म्हणाल तर जुने प्युरिटन उपासनेत वाद्यांशिवाय स्तोत्रं गायचे. पण त्यांच्याच वारशातल्या मिशनच्या नगरला एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं आणि पुढे ना. वा. टिळकांनी भजनं दिली, ती आपण आजही 'उपासना संगीत'मधून म्हणतो. तेव्हा 'पेटी-तबला बायबलप्रमाणे नाही' असं ग्रुपवर लिहिणाऱ्या आमच्या पोरांनी जरा दमानं घ्यावं.

मी आणि आणखी दोघांनी येत्या सोमवारपासून संध्याकाळी सातला घरभेटी सुरू करायचं ठरवलंय. एका संध्याकाळी दोनच घरं. पहिल्या महिन्यात संदेश नाही, फक्त ऐकायचं. पीडीएफवाल्यांपैकी कोण येतंय ते कळवा, गाडीवर एक जागा आहे.