लपविलेले दुखणे

घरातील तरुण मुलगा तापाने फणफणला तर दिवस मावळण्यापूर्वी डॉक्टरला बोलावणे जाते. तोच मुलगा महिनोन्‌महिने कोणाशी बोलेनासा झाला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणू लागला, रिकाम्या खोलीत कोणाला तरी उत्तरे देऊ लागला, तर मात्र घराची दारे-खिडक्या लावून घेतली जातात. स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, या व्याधीची खरी शोकांतिका त्या बंद दारांआड घडते.

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये या आजाराला हे नाव दिले. एका देहात दोन माणसे नांदणे म्हणजे हा रोग, ही समजूत सर्वस्वी चुकीची होय. येथे विस्कटते ती विचार, भावना आणि वास्तव यांना एकत्र बांधणारी वीण. बहुधा विशीच्या आसपास, स्त्रियांत काहीसा उशिरा, तो प्रकट होतो. तेरा वर्षांखालील मुलांत तो अतिशय विरळा. कल्पनेतल्या सवंगड्याशी गप्पा मारणारे मूल आजारी नसते. परंतु हसतेखेळते मूल एकाएकी घुमे झाले, अभ्यासात मागे पडले, न दिसणाऱ्यांच्या आवाजांनी भेदरू लागले, तर शिक्षकांनी छडी उगारण्याऐवजी पालकांना बोलावून घ्यावे. फेफरे, मेंदूचा दाह, स्वमग्नता यांचीही शहानिशा करावी लागत असल्याने मुलांच्या बाबतीत निदान तज्ज्ञांनीच करावयाचे असते.

हा आजार आईबापांच्या संगोपनाचे पाप नव्हे. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला तरी दुसरा निम्म्याहून अधिक वेळा त्यापासून दूर राहतो. गांजासारख्या व्यसनाने धोका वाढतो, हे पर्यटनाच्या झगमगाटात वाढणाऱ्या आमच्या तरुणांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आमचा आक्षेप आहे तो विलंबावर. प्रथम घाडी, मग नवस, मग ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ हा शहाजोग सल्ला! देवापुढे गाऱ्हाणे घालण्यास आमचा विरोध नाही. त्याने घरच्यांना धीर येतो. पण गाऱ्हाणे घालून त्याच दिवशी डॉक्टरकडे जाण्यास देवाची आडकाठी कोठे आहे? आजार लपवून केलेल्या लग्नाने तर एका निरपराध मुलीचाही संसार पणाला लागतो. उपचाराविना जितका काळ लोटतो तितके रुग्णाला सावरणे कठीण होते. १९५२ पासून या रोगावर परिणामकारक औषधे आहेत. ती आपल्या मनाने बंद केली की दुखणे पुन्हा उसळते, आणि घरात सतत टोचून बोलले गेले तरीही उसळते.

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार हा त्याचा हक्क ठरविला. पण लोखंडी साखळी कायद्याने तुटते. लोकलज्जेची साखळी समाजानेच तोडावी लागते.

माणसाच्या मनावर सूचनेचा प्रभाव कसा पडतो याचा शोध घेणारा आबे फारिया याच भूमीतल्या कांदोळीचा. त्याचा पुतळा आम्ही पणजीत अभिमानाने उभा केला. बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालय आहे. परंतु काणकोण वा सत्तरीतल्या गरीब मातेला दर महिन्याला मजुरी बुडवून तेथवर हेलपाटे घालावे लागू नयेत. म्हणून तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात ही औषधे व तज्ज्ञाची भेट नियमित मिळाली पाहिजे. हे शासनाचे कर्तव्य झाले. समाजाचे कर्तव्य याहून सोपे आणि तरीही अवघड आहे: बऱ्या झालेल्या माणसाला काम द्यावे, पंगतीत शेजारी बसवावे, आणि ‘वेडा’ हा शब्द जिभेवर येताच आवरावा. इतके घडले तर पुष्कळ घरांची बंद दारे आतूनच उघडतील.