रविवारच्या धर्मशिक्षणात दहा मिनिटं शांत बसू द्या

मंडळी, पाणी, रस्ते आणि हवा यांवर आपण नेहमीच लिहितो. आज जरा वेगळा विषय. माहुल, चेंबूर, ट्रॉम्बे पट्ट्यातल्या ख्रिस्ती पालकांनी आणि रविवारी मुलांना शिकवणाऱ्यांनी जरूर वाचा. इतरांनीही वाचलं तर आनंदच आहे.

मुद्दा सरळ आहे. आपण मुलांना प्रार्थना म्हणायला शिकवतो, प्रार्थनेत बसायला शिकवत नाही. प्रभूची प्रार्थना पाठ, नमो मारिया पाठ, दहा आज्ञा पाठ, सात संस्कार पाठ. पहिल्या कम्युनियनला पांढरे कपडे, कन्फर्मेशनला फोटो. आणि कन्फर्मेशन झालं की निम्मी पोरं मिस्सेला दिसेनाशी होतात. मग आपण मोबाईलला शिव्या घालतो.

पाठांतराला माझा विरोध नाही. आजी आजारपणात सगळं विसरते, पण रोझरीचे मणी फिरवताना शब्द चुकत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाठ केलेलं अडचणीत उपयोगी पडतं. पण १९९२ साली आलेल्या चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातच प्रार्थनेचे तीन प्रकार दिलेत: मुखाने केलेली, मननाची आणि मौन चिंतनाची. आपला सगळा भर पहिल्यावर. दुसरा प्रकार कधीमधी, रिट्रीटला. तिसरा जणू फक्त मठातल्या सिस्टरांसाठी राखून ठेवलाय.

आता माहुलचं बोलू. मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. ठीक आहे. पण कुठल्या खोलीत? तानसा पाइपलाइनवरून उठवून इथल्या ७२ इमारतींत आणून टाकलेल्या कुटुंबांना घर मिळालं ते सव्वादोनशे चौरस फुटांचं. त्यात पाच-सहा माणसं, टीव्ही, कुकरची शिट्टी, खाली टँकरचे हॉर्न. या मुलाला दार लावायला खोलीच नाही. आठवड्यात रविवारचा तो एक तास आणि चर्चचा हॉल हीच त्याची खोली. तिथेही आपण पूर्ण तास बोलतच राहतो.

आणि शांतता म्हणजे काय, हे मुलांना आपण कसं शिकवलंय? "गप्प बस!" म्हणून. शाळेत शांतता ही शिक्षा असते. देवाजवळ शांत बसणं ही शिक्षा नसून सोबत आहे, हे कुणीतरी त्यांना करून दाखवायला हवं. मित्राशेजारी काही न बोलता बसता येतं, तसंच हे.

काही जण म्हणतील, हे ध्यानबिन आपलं नाही, दुसऱ्यांकडून घेतलेलं आहे. मंडळी, येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे, मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. एलियाला देव वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. त्यानंतरच्या मंद स्वरात भेटला. आपल्या मराठीतलं बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. आणि मुंबईतच १९३१ साली जन्मलेले जेज्विट फादर अँथनी डिमेलो! त्यांचं 'साधना' हे पुस्तक १९७८ चं. शांत बसणं, श्वासाकडे लक्ष देणं, येशूसमोर मनाने उभं राहणं, याचे साधे सराव त्यात आहेत. जगभर लोक ते वापरतात आणि आपल्या मुलांना त्यांचं नावही माहीत नाही.

हो, १९९८ मध्ये व्हॅटिकनने डिमेलोंच्या काही विचारांवर आक्षेप घेतला, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच पत्रकात त्यांचं सुरुवातीचं लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत असल्याचंही म्हटलंय. धोका कुठे आहे ते ओळखून वापरावं. धोका आहे म्हणून दारच बंद करणं हे शहाणपण नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक मित्र म्हणाला, "माहुलच्या पोराला दीर्घ श्वास घ्यायला सांगतोस? इथल्या हवेत?" बरोबर आहे त्याचं. रिफायनऱ्या आणि टाक्यांच्या मधल्या या हवेचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला, हायकोर्टापर्यंत गेला. मुलांना डोळे मिटायला लावून आपण त्यांना गप्प करणार असू, तर मीच पहिला विरोध करेन. पण खरी शांतता माणसाला झोपवत नाही, जागं करते. गोंगाटात वासाचीही सवय होऊन जाते. शांत बसलेल्या मुलाला वास येतो, शेजारच्या बाकावरचा खोकला ऐकू येतो. तो खोकला प्रार्थनेत आला पाहिजे. मग तोच मुलगा उद्या अर्ज लिहील, सभेला जाईल.

करायचं काय? फार काही नाही. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल धर्मप्रांताच्या कॅथलिक शाळांनी लहान मुलांसाठी हे सुरू केलं. तिथला नियम सोपा आहे: जितकं वय, तितकी मिनिटं. सात वर्षांच्या मुलाला सात मिनिटं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, मनात एकच शब्द: मारानाथा, म्हणजे ये प्रभू. किंवा नुसतं "येशू". एखादं पोर हसेल, एखादं शेजाऱ्याला चिमटा काढेल. चालेल. मार्क नाहीत, परीक्षा नाही, "तुला काय दिसलं?" अशी उलटतपासणीही नाही. फक्त शिकवणाऱ्यांनी स्वतः त्यांच्याबरोबर बसायचं. उपस्थिती लिहीत बसायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात, आपल्याला बघतात जास्त.

अभ्यासक्रम मागे पडेल? दहा मिनिटांनी पडणारा अभ्यासक्रम आधीच जड झालाय असं समजा. एक धडा कमी झाला तर मूल तो पुढेही वाचू शकेल. पण देवाजवळ शांत बसायची सवय लहानपणी लागली नाही, तर नोकरी-धंद्याच्या धावपळीत ती कधी लागणार?

पुढच्या पालकसभेत फादरांना आणि शिक्षकांना एवढंच विचारा: "आमच्या मुलांना दहा मिनिटं द्याल का?" आणि त्या दिवशी घरीही पाच मिनिटं टीव्ही बंद ठेवा.

तुमच्या चर्चमध्ये असं काही चालतं का? शिकवणाऱ्यांचा अनुभव काय? खाली लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, बोलू आपण.