घरची प्रार्थना कोणत्या भाषेत?

महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका वर्गमैत्रिणीने मला विचारले, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरी इंग्रजीच बोलत असाल!" मी म्हणाले, "आज्जी मराठी बोलते, आई कन्नड बोलते आणि बाबा समोर जो असेल त्याची भाषा बोलतात." तिला ती थट्टा वाटली. वास्तविक बीदर जिल्ह्यातील कितीतरी घरांचे हेच वर्णन आहे आणि त्यात धर्माचा काहीएक संबंध नाही. भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी ही कसरत लहान मूलसुद्धा न शिकवता करते.

अडचण येते ती प्रार्थनेपाशी. बाजारात भाषा बदलली तर कोणाचे काही जात नाही. पण देवापुढे हात जोडून बसल्यावर घराने कोणती भाषा बोलावी? आमच्या घरी हा वाद नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत उफाळून आला. माझे मत मी आधीच सांगून टाकते. घरच्या प्रार्थनेची एकच एक भाषा ठरवू नये; आणि ठरवायचीच झाली तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला जी येते ती तीतून सुटता कामा नये.

आमचे आजोबा मूळचे नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरकडचे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला न चुकता जाणाऱ्या मराठी कॅथलिकांपैकी. साखर कारखान्यातील कामाच्या निमित्ताने ते इकडे आले आणि इकडचेच झाले. आईचे माहेर कलबुर्गी, तिकडे सगळे कन्नड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नकाशावर रेघ मारता येते, पण सोयरिकी रेघ पाहून होत नाहीत.

आता नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण ख्रिस्ती नसलेल्या मित्रमंडळींना २५ डिसेंबर तेवढा ठाऊक असतो. या दिवसांना मराठीत आगमनकाळ म्हणतात. कन्नडमध्येही शब्द तोच, आगमन काल. (एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात पूर्ण एकमत आहे.) ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशी तो सुरू होतो. त्यामुळे दर वर्षी त्याची लांबी सारखी नसते. २०२२ साली तो पुरा २८ दिवसांचा होता, तर २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आल्याने अवघा २२ दिवसांचा झाला. हे दिवस सणाचे नव्हेत, सणाची वाट पाहण्याचे आहेत. फादरांचा झगा जांभळा असतो, मिस्सेत गौरवगीत गात नाहीत. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी रंग चालतो. वाट पाहणे अर्ध्याहून अधिक सरले म्हणून थोडा आनंद.

घरी या दिवसांत तीन कामे असतात. पहिले म्हणजे हिरव्या डहाळ्यांचे कडे करून त्यात चार मेणबत्त्या रोवणे आणि दर रविवारी एकेक वाढवून पेटवणे. आमच्याकडे सूचिपर्णी झाडे कुठली? आम्ही दारच्या अशोकाची पाने वापरतो, आणि जांभळी मेणबत्ती दुकानात मिळाली नाही तर पांढरीला जांभळी फीत बांधतो. ही चाल कॅथलिकांची आहे असे मला लहानपणी वाटे. मागाहून वाचले, की १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या लुथरपंथी धर्मोपदेशकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी ती सुरू केली. मुले रोज विचारत, नाताळ कधी? त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिल्या आणि मोजा म्हणाला. बीदरमध्ये ख्रिस्ती म्हटले की लोकांना मेथडिस्ट चर्च आधी आठवते, आम्ही कॅथलिक मूठभर. तेव्हा प्रॉटेस्टंटांची ही उसनवारी मला तरी आवडते.

दुसरे काम गव्हाणीचे. येशू गोठ्यात जन्मला, म्हणून तो गोठा घरात उभा करायचा. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी खरा चारा, खरा बैल आणि खरे गाढव आणून हा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा पसरली. आमच्या गोठ्याला छप्पर कडब्याचे आणि कूड तुराट्यांचा. जमीन बीदरच्या तांबड्या मातीची. गोठ्यापुढची हिरवळ म्हणजे आज्जीने पंधरा दिवस आधी ताटलीत पेरलेले गहू. शेजारच्या काकू ते पाहून म्हणतात, "तुमचे पण घट बसले वाटतं!" आई त्या गव्हाणीला गोदली म्हणते. धाकटी बहीण इंग्रजी माध्यमात शिकते, तिचा शब्द क्रिब. आणि वादाला सुरुवात इथूनच होते.

तिसरे काम म्हणजे रोज संध्याकाळची जपमाळ. आई तिला जपसर म्हणते. माळेत पन्नास वेळा 'नमो मरिया' म्हणायचे असते. ही प्रार्थना दोन भागांची आहे. पहिल्या भागात देवदूताने आणि अलीशिबेने मरियेला केलेले अभिवादन. तो पुढे म्हणणारा एकटा म्हणतो. दुसऱ्या भागात आपली विनवणी. ती बाकीच्यांनी एकत्र म्हणायची. म्हणजे मुळातच ही हाक आणि ओ अशी रचना आहे. आमच्या घरात वर्षानुवर्षे आज्जी मराठीत पुढे म्हणायची आणि आम्ही मराठीत ओ द्यायचो. आई नवीन नवरी म्हणून आली तेव्हा ओठ हलवीत बसायची, हे तिने मला फार उशिरा सांगितले. सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मी त्यावर बराच विचार केला. तेव्हा आज्जीला कोणी विचारले नसेल, की सुनेला कळते का?

२०२४ साली १ डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. बहीण म्हणाली, या वर्षी आपण सगळे इंग्रजीत म्हणू, शाळेत सगळ्या मुली तशीच म्हणतात. बाबांनाही ते सोयीचे वाटले. मराठी की कन्नड हा प्रश्नच मिटला. मोबाइलवर माळ लावली. त्यात मागे मंद वाद्यसंगीत, आवाज गोड, सगळे नीटनेटके. आम्ही ऐकत बसलो आणि मध्येच ओ देत राहिलो. आज्जीच्या बोटांतून मणी सरकत होते, पण मोबाइलच्या आधी किंवा मागे. संपल्यावर तिने माळेचे चुंबन घेतले आणि म्हणाली, "देवाला कळलं आसंल. मला न्हाई कळलं."

त्या वर्षी नाताळपर्यंत तिने पुन्हा माळ पुढे म्हटली नाही. कोणी बोलावले तर येऊन बसे. आमचे घर शांत होते, भांडण नव्हते, म्हणून बाहेरच्यांना काही बिघडल्यासारखे दिसलेही नसते.

माझ्या मताला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे. एक गट म्हणतो, श्रद्धा भाषेत नसते, मग भाषेचा हट्ट का? मला हे वाक्य नेहमी अशांच्या तोंडून ऐकू येते ज्यांची भाषा प्रार्थनेत कायम आहे. ज्याची काढून घेतली त्याने असे म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही. दुसरा गट म्हणतो, देवळात कन्नड चालते, मग घरातही तीच असावी, म्हणजे गोंधळ नको. देवळाचे मला मान्य आहे. २००५ साली गुलबर्गा धर्मप्रांत स्थापन झाला (शहराचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले, तरी धर्मप्रांताचे नाव जुनेच आहे), आणि इथल्या बहुतेक लोकांची भाषा कन्नड आहे. मूठभर घरांसाठी मराठी मिस्सा मागणे मला योग्य वाटत नाही; सीमावाद वेदीपर्यंत नेण्याची हौस कोणाला असेल तर असो. पण देऊळ सर्वांचे असते म्हणून तिथे एक भाषा लागते. घर चार-पाच माणसांचे असते. तिथे बहुमत मोजायचे कारण काय?

शिवाय देवळाची भाषा ही काही अनादि नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, उपासनेविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होई. आज्जीच्या लहानपणी वेदीवर काय चालले आहे हे तिला घंटेवरून समजे. देवाशी तिची भाषेतली ओळख झाली ती घरात, तिच्या आईने म्हटलेल्या माळेतून. म्हणजे कॅथलिकांच्या बाबतीत मातृभाषेतली प्रार्थना घरात आधी होती, देवळात ती मागाहून गेली. आज आपण नेमके उलटे करू पाहतो आहोत.

याहून जुना दाखला फादर स्टीफन्स यांचा. त्यांच्या मराठीच्या थोरवीच्या ओव्या मराठी माध्यमाच्या मुलांनी शाळेत पाठ केलेल्या आहेत. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थच आहे, तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण. पहिले पुराण सगळे वाट पाहण्याचे, दुसरे येण्याचे. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. पुराणाच्या त्या काळच्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांनी तो हाताने उतरवून जपला, आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यात काढली ती १९५६ साली. मराठीतला एवढा मोठा ख्रिस्ती ग्रंथ आजच्या कर्नाटकातल्या माणसांनी राखला, घरी कोकणी आणि बाहेर कन्नड-तुळू बोलणाऱ्यांनी. आमच्यासारख्या दुभाषी घरांना याहून चांगला आधार कोणता?

कोणी म्हणेल, हे झाले इतिहासाचे. तर मग धर्मग्रंथच पाहावा. येशूची बोली अरमाइक, शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीकमध्ये. म्हणजे त्याचे शब्द आपल्याला पहिल्यापासून भाषांतरातच मिळाले आहेत. त्याच्या क्रूसावरची पाटी तर इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशी तीन भाषांत होती, आपल्याकडच्या रेल्वे स्थानकावरच्या पाटीसारखी.

धाकट्या बहिणीची बाजूही मला सोडायची नाही. तिला मराठी वाचता येत नाही हा तिचा दोष नव्हे; तिला त्या शाळेत आम्हीच घातले. आमच्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे. हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ते पुस्तक मी वाचते, आज्जी ऐकते, आणि बहीण तेवढ्या वेळात मोबाइल पाहते. तिला मराठीत ओढून बसवले तर आईवर पूर्वी झाले तेच तिच्यावर होईल. ओठ हलवणारी आणखी एक.

डिसेंबरात वेळ कुठे आहे, असेही लोक म्हणतात. परीक्षा, तारे-झुंबरांची खरेदी, चकल्या-करंज्या, आईची शेंगाद होळिगे, शेजाऱ्यांना पोचवायची ताटे. हे सगळे मलाही प्रिय आहे. पण माळेला वीस मिनिटे लागतात. आम्हा वाणिज्यवाल्यांना हिशेब लवकर सुचतो: २२ दिवसांचा आगमनकाळ धरला तरी सारे मिळून सात तास वीस मिनिटे भरतात.

२०२५ साली ३० नोव्हेंबरला मी आज्जीकडे गेले आणि म्हणाले, तू पुढे म्हण, आम्ही आमच्या-आमच्या भाषेत ओ देऊ. ती म्हणाली, "आसं कुठं आस्तं व्हय?" पण बसली. बहिणीने पहिली मेणबत्ती लावली. आज्जीने मराठीत अभिवादन म्हटले. मग आईने कन्नडमध्ये, बहिणीने इंग्रजीत आणि मी व बाबांनी मराठीत विनवणी म्हटली. फार वाईट ऐकू आले. तीन भाषांची लांबी सारखी नाही. इंग्रजी आधी संपली, मराठी मागोमाग, आणि आईचे कन्नड सर्वांच्या शेवटी एकटेच राहिले. पहिल्या दहा मण्यांपर्यंत बहिणीला हसू आवरत नव्हते. आज्जीने तिच्याकडे एकदा पाहिले. पुढच्या मण्यापासून ती दर वेळी आईचा शेवटचा शब्द होईपर्यंत थांबायची आणि मगच बोट पुढच्या मण्यावर न्यायची.